न वापरलेली कॉफीची कुपनं : महायुद्धातली अमेरिका, घराच्या आतून

कोरांटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात जुन्या सामानाची विक्री होती. घरमालकीण वारली, मुलं लांब राहतात, घर रिकामं करायचं होतं. मी विणकामाच्या सुयांचा डबा दोन डॉलरला घेतला. घरी येऊन ओट्यावर उपडा केला, तर सुयांखाली हातात मावेल असं एक पुस्तक निघालं. वर छापलंय 'वॉर रेशन बुक फोर'. आत पोस्टाच्या तिकिटांसारखी, मध्ये भोकं पाडलेली बारीक बारीक कुपनं. साखरेची बरीच फाडून नेलेली दिसतात. कॉफीची मात्र एकूण एक जागच्या जागी!

अमेरिकेत लोकांना कॉफीशिवाय सकाळ उजाडत नाही. मग या बाईने एकही कुपन का वापरलं नसेल? माझ्या मनात आलं, हिचा नवरा किंवा मुलगा युद्धावर असेल आणि तो परत आल्यावर एकत्र प्यायची म्हणून राखून ठेवली असतील.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन ब्रुनोला अकरा वर्षं राहते. टॅनफोरानच्या मॉलमध्ये मुलीचे शाळेचे बूट घेतलेत, सिनेमे पाहिलेत. तिथे १९४२ साली घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं आणि जपानी वंशाच्या सुमारे ८,००० माणसांना तिथे तबेल्यांत आणि घाईने बांधलेल्या बराकींत ठेवलं होतं, हे मला कळायला बरीच वर्षं गेली. स्टेशनाबाहेर आता त्यांचं स्मारक आहे. सूटकेस घेतलेल्या दोन लहान मुली.

शाळेत आपण पर्ल हार्बर शिकलो आणि एकदम हिरोशिमा. मधली जवळपास चार वर्षं या घरांत काय चाललं होतं? वाचलेलं, ऐकलेलं, घरच्यांकडून आलेलं, जे असेल ते लिहा. आणि कॉफीचं कोडं सुटलं तर फार बरं वाटेल.

सोनटक्का

वाचतेय. सुयांचा डबा फळला म्हणायचा!

चकली

रेशन हा माझा जिव्हाळ्याचा विषय, कारण आईबरोबर रॉकेलच्या रांगेत मी कित्येक दुपारी काढल्यात.

तिथली पद्धत आपल्यापेक्षा वेगळी होती. सुरुवात साखरेपासून झाली, मे १९४२ मध्ये. पहिली पुस्तकं लोकांनी मुलांच्या शाळेत जाऊन घेतली, वाटायला शिक्षकच बसले होते. साखर माणशी आठवड्याला साधारण अर्धा पौंड. मग 'पॉइंट' आले. डबाबंद भाज्या-फळांना निळी कुपनं, मांस, चीज, लोण्याला लाल. माणशी महिन्याला निळे ४८ आणि लाल ६४ पॉइंट. दुकानात प्रत्येक वस्तूला दोन किमती, एक पैशांत आणि एक पॉइंटांत. शिवाय पॉइंट सारखे बदलायचे. ज्या वस्तूची टंचाई तिचे पॉइंट वर. म्हणजे बाईला पिशवी घेऊन निघण्याआधी दोन हिशेब करावे लागायचे. पैसे असून पॉइंट संपले की परत फिरायचं.

तळणीतलं उरलेलं तूप-चरबी गाळून डब्यात भरायचं आणि खाटकाकडे द्यायचं, कारण त्यातून ग्लिसरीन निघतं आणि ग्लिसरीनमधून स्फोटकं. आपल्याकडे तळणीचं तेल गाळून दुसऱ्या दिवशी भाजीला घेतात. तिथे ते तोफेला जायचं.

अंगणात भाजी लावायची चळवळ तर प्रचंड होती. १९४३ च्या सुमाराला दोन कोटींच्या आसपास बागा होत्या असं सांगतात. बागेतलं बाटलीत मुरवून ठेवायला वेगळी साखर मिळायची, त्यासाठी अर्ज नाहीतर खास कुपन. साखरेची कुपनं का गेली असतील ते मला बरोबर समजतंय. ही बाई जॅम करत असणार.

पानगळ

मी मिशिगनला आहे, इथून तासाभरावर विलो रन. फोर्डने तिथे बॉम्बर विमानांचा कारखाना उभारला होता आणि १९४४ मध्ये तासाला एक बी-२४ बाहेर पडत होतं. चार इंजिनांचं विमान, तासाला एक! फेब्रुवारी १९४२ नंतर लोकांसाठी मोटारी बनवणं पूर्ण बंद. ज्या पट्ट्यावर मोटारी जोडायचे त्यावर रणगाड्यांचे आणि विमानांचे भाग.

पेट्रोलचं रेशनिंग मला सगळ्यात रंजक वाटतं. पेट्रोल अमेरिकेकडे होतंच की. तुटवडा होता रबराचा. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हातात गेल्यावर नैसर्गिक रबर जवळपास थांबलं. टायर वाचवायचे तर गाड्या कमी पळायला हव्यात, म्हणून पेट्रोलला कुपन. साध्या माणसाच्या काचेवर 'ए' चिकटपट्टी, आठवड्याला तीन-चार गॅलन. वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल.

जुनं_नाणं

चकली, पानगळ, उत्तम माहिती. मी नाण्यांच्या बाजूने येतो.

अमेरिकेने दोस्तांना जी मदत केली ती 'लेंड-लीज' कायद्याखाली, ११ मार्च १९४१ पासून. रूझवेल्टने पत्रकारांना सोप्या भाषेत समजावलं होतं. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर मी त्याला बागेतली पाण्याची नळी देतो. आधी पंधरा डॉलर टाक म्हणत नाही. आग विझल्यावर नळी परत दे म्हणजे झालं. त्या वेळी अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती.

त्या नळीतून आपल्याकडे काय आलं, तर इतर सामानाबरोबर चांदी. युद्धात भारतात सैन्याचा खर्च वाढला, नाणी कमी पडायला लागली, लोक चांदीचे रुपये दडवून ठेवू लागले. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती, एक रुपयाची नोट काढली होती. तरी पुरेना. मग अमेरिकेकडून २२.६ कोटी औंस चांदी उसनी घेतली. युद्धानंतर ती परत करायची होती, म्हणून चांदी असलेली नाणी मागे घेऊन निकेलची काढली. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला निकेलचा रुपया अनेकांच्या घरी असेल. तो निकेलचा होण्यामागे ही उधारी आहे.

त्याच काळात अमेरिकेने स्वतःची सरकारी चांदीही काढली होती. अणुबॉम्बच्या कामासाठी ओक रिजला युरेनियम वेगळं करणाऱ्या यंत्रांच्या विद्युतचुंबकांना तांबं हवं होतं, पण तांबं तोफगोळ्यांत चाललेलं. म्हणून तांब्याऐवजी चांदीच्या तारा-पट्ट्या. अधिकारी खजिन्यात गेला आणि म्हणाला, काही हजार टन चांदी द्या. खजिन्याच्या साहेबाने त्याला सुनावलं, इथे चांदी टनात नाही, ट्रॉय औंसात मोजतात! शेवटी १४,००० टनांवर गेली.

घाटमाथा

धागा चांगला आहे, पण मला थोडं विरुद्ध बोलायचंय.

साखर अर्धा पौंड, आठवड्याला चार गॅलन पेट्रोल, वर्षाला तीन जोड बूट. याला हाल म्हणायचं? युद्धाने अमेरिकेतली बेकारी संपवली, कारखाने भरभरून चालले, पगार वाढले. मुख्य भूमीवरच्या शहरांवर बॉम्ब पडले नाहीत. त्याच १९४३ साली बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती, तीसेक लाख गेली असं अभ्यासक मानतात. एका बाईने कॉफीची कुपनं का वापरली नाहीत यावर हळवं व्हायला मला जमत नाही. राग नसावा.

कोरांटी

घाटमाथा, राग अजिबात नाही. तुलना करायचीच तर तुम्ही म्हणता तशीच होईल. पण हळवं होण्याचं कारण साखर नव्हे. चार लाखांच्या वर अमेरिकन सैनिक गेले त्या युद्धात. घरातला माणूस सैन्यात असला की खिडकीत निळ्या ताऱ्याचं फडकं लावत, गेला की निळ्यावर सोनेरी तारा शिवत. आयोवातल्या वॉटर्लू गावच्या सलिव्हन कुटुंबाचे पाचही मुलगे एकाच जहाजावर होते, नोव्हेंबर १९४२ मध्ये पाचही गेले. तारवाला दारात आला की गल्लीतल्या सगळ्या बायका पडद्याआड श्वास रोखून उभ्या राहायच्या, असं माझ्या शेजारच्या आजी सांगतात. त्यांच्याबद्दल सवडीने लिहिते, त्यांना विचारूनच.

खलाशी

घाटमाथांच्या मुद्द्याला धरून लिहितो, कारण तो मुद्दा माझ्या पोटापाण्याशी येऊन टेकतो. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडे रिचमंडला हेन्री कैसरची जहाजबांधणीची गोदी होती. चार आवारांत मिळून ७४७ जहाजं बांधली. नोव्हेंबर १९४२ मध्ये 'रॉबर्ट ई. पिअरी' नावाचं लिबर्टी जातीचं मालवाहू जहाज कील, म्हणजे तळाचा कणा, टाकल्यापासून ४ दिवस १५ तासांत पाण्यात उतरवलं. हा अर्थात करून दाखवायचा प्रकार होता, नेहमी काही आठवडे लागत. पण तेही अचाट आहे. युक्ती कशात? रिव्हेट मारण्याऐवजी वेल्डिंग, आणि जहाजाचे मोठे तुकडे जमिनीवर आधी जोडून क्रेनने उचलून बसवायचे. आयुष्यात समुद्र न पाहिलेली माणसं वेल्डर झाली. बायका हजारोंनी होत्या. त्यांची मुलं सांभाळायला गोदीजवळ पाळणाघरं काढली, कामगारांसाठी दवाखाना काढला. तीच दवाखान्याची योजना युद्ध संपताना बाहेरच्या लोकांना खुली झाली आणि आज कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मराठी घरांचं आरोग्य योजनेचं कार्ड तिचं आहे.

पूर्ण देशात २,७०० च्या वर लिबर्टी जहाजं झाली. आणि तरीही एप्रिल १९४४ मध्ये चर्चिलने रूझवेल्टला तार करून ऑस्ट्रेलियातला गहू भारतात न्यायला जहाजं मागितली तेव्हा रूझवेल्टने दिली नाहीत. लष्करी गरजांतून एकही काढता येत नाही असं उत्तर. नॉर्मंडीची तयारी चालू होती, पॅसिफिकमध्ये बेटांमागून बेटं घ्यायची होती, हे खरं. पण जहाजांवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघवत नाहीत. मला तरी नाही बघवत. चर्चिलनेही १९४३ मध्ये, माणसं मरत असताना, हात आखडताच घेतला होता, हेही सांगायला हवं.

घाटमाथा

खलाशीकाका, जहाजांच्या तारेबद्दल माहीत नव्हतं. आभार. माझं म्हणणं होतं ते हेच.

निरांजन

मी पुण्यात इतिहास शिकवते. राजकारणाची बाजू मांडते, कारण त्याचा एक धागा थेट येरवड्याजवळ येतो.

ऑगस्ट १९४१ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर रूझवेल्ट आणि चर्चिल जहाजावर भेटले आणि अटलांटिक सनद निघाली. तिच्या तिसऱ्या कलमात प्रत्येक जनतेला आपलं सरकार निवडायचा हक्क आहे असं आहे. इथे आशा उगवली. पुढच्याच महिन्यात चर्चिलने पार्लमेंटात सांगून टाकलं की त्यांच्या डोळ्यांपुढे नाझींनी गिळलेले युरोपातले देश होते, भारत आणि ब्रह्मदेशाचा प्रश्न वेगळा.

रूझवेल्टला ते पटलं नव्हतं. १९४२ मध्ये क्रिप्स बोलणी करत होते तेव्हा त्याने कर्नल लुई जॉन्सनला दिल्लीला धाडलं होतं. बोलणी फिसकटल्यावर त्याने चर्चिलला अजून प्रयत्न करा असं कळवलं, चर्चिल भडकला. १ जुलै १९४२ ला गांधीजींनी रूझवेल्टला पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवते. मतलब असा की, भारत आणि आफ्रिका ब्रिटनच्या शोषणाखाली आहेत आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात निग्रोंचा प्रश्न आहे, तोवर स्वातंत्र्यासाठी लढतो ही दोस्तांची घोषणा पोकळ वाटते.

मग जानेवारी १९४३ मध्ये विल्यम फिलिप्स आला, रूझवेल्टचा खास प्रतिनिधी. गांधीजी तेव्हा आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात. १० फेब्रुवारीला त्यांनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. फिलिप्सने त्यांना भेटायची परवानगी व्हाइसरॉय लिनलिथगोकडे मागितली. नाकारली. एप्रिलमध्ये परत जाताना त्याने पत्रकारांपुढे उघड सांगितलं की मी भेट मागितली होती आणि मला भेटू दिलं नाही. पुढे त्याचं रूझवेल्टला लिहिलेलं पत्र १९४४ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रात फुटलं आणि लंडनचा जळफळाट झाला.

मी पॅलेसवर मुलांना नेते तेव्हा कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाध्यांपाशी थांबतो. तिथे फाटकाशी मी त्यांना सांगते की जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाचा माणूस इथवर यायला बघत होता आणि येऊ शकला नाही. मुलं फाटकाकडे बघत राहतात. रूझवेल्टने दोस्ताला दुखवायचं नाही असं ठरवलं होतं. समजू शकते, पण माफ करायला जड जातं.

दुपारचा_चहा

अवांतर : जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत कापलेल्या पावावर बंदी आली होती! कापलेला पाव वाळू नये म्हणून जाड मेणकागद लागायचा, तो वाचवायला. बायका इतक्या संतापल्या की मार्चमध्ये बंदी उठवली. आमच्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, पोळ्या करायला शिकवणारं कुणी नव्हतं वाटतं तिकडे?

सोनटक्का

आजींना नमस्कार सांगा :)

आजोबांचा_नातू

खलाशीकाकांनी जहाजांचा विषय काढला म्हणून.

माझे आजोबा १४ एप्रिल १९४४ ला मशीद बंदरला हिशेबनीस होते. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज कॅनडात प्रिन्स रूपर्टला बांधलेलं, ब्रिटनला उधारीवर दिलेलं. त्या दिवशी ते मुंबईच्या गोदीत होतं. पोटात स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात, हे कुणी आणि का होऊ दिलं हा प्रश्न आजोबा शेवटपर्यंत विचारायचे. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट. आजोबा म्हणायचे, आधी आवाज नाही आला, आधी शाईची दौत टेबलावरून चालत गेली. मग काच. मग आवाज. सोन्याची वीट एक मैलभर लांब एका पारशी गृहस्थांच्या घरात जाऊन पडली, त्यांनी ती परत दिली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशात १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

खलाशी

@आजोबांचा_नातू, दौत चालत गेली हे वाचून अंगावर काटा आला.

या स्फोटाची जोड अमेरिकेत आहे, फारशी कुणाला माहीत नसते. साधारण तीन महिन्यांनी, १७ जुलै १९४४ च्या रात्री, सॅन फ्रान्सिस्कोजवळ पोर्ट शिकागो इथे दारूगोळा भरताना जहाज उडालं. ३२० माणसं जागीच गेली, त्यातली २०२ काळी. नौदलात दारूगोळा चढवायचं काम काळ्या खलाशांना आणि वर गोरे अधिकारी, अशी विभागणीच होती. धड प्रशिक्षण नाही, उलट कोण जास्त टन भरतो अशा शर्यती लावायचे.

तीन आठवड्यांत त्यांना पुन्हा तेच काम करायला सांगितलं. २५८ जणांनी नकार दिला. पन्नास जणांवर बंडाचा खटला होऊन शिक्षा झाल्या. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेला थर्गुड मार्शल तेव्हा तरुण वकील, तो खटला बघायला येऊन बसायचा. नौदलाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं ते १७ जुलै २०२४ ला. ऐंशी वर्षांनी! ऐकायला त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं.

गांधीजींच्या पत्रातलं 'स्वतःच्या घरातला प्रश्न' हाच.

पानगळ

निरांजन, खलाशीकाका, याला जोडून. युद्धकारखान्यांत काळ्या कामगारांना घेतच नव्हते. काळ्या कामगारांचा पुढारी ए. फिलिप रँडॉल्फने वॉशिंग्टनवर मोर्चा आणीन असा इशारा दिला तेव्हा जून १९४१ मध्ये रूझवेल्टने हुकूम काढून संरक्षण उद्योगांतल्या भेदभावाला बंदी घातली. काळ्या वृत्तपत्रांनी 'दुहेरी विजय' अशी हाक दिली, एक बाहेर आणि एक घरात. तरीही जून १९४३ मध्ये इथे डेट्रॉइटला दंगल झाली, ३४ माणसं मेली. घरांवरून, बढतीवरून ताण होताच.

माणगावकर

मी माणगावचा. आमच्या तहसील कचेरीसमोर यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, व्हिक्टोरिया क्रॉस. १० जुलै १९४४, इटलीत, वरच्या तायबर खोऱ्यात. तुकडीतले सगळे पडले, हे एकटे मशीनगनवर धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेले. वय बावीस-तेवीस.

मी एकदा वाचताना थबकलो, कारण त्याच महिन्यात, त्याच देशात, पश्चिमेकडे अमेरिकन ४४२ वी रेजिमेंट लढत होती. सगळी पोरं जपानी वंशाची. कितींचे आईवडील त्याच वेळी अमेरिकेतच काटेरी तारेआड होते! एप्रिल १९४५ मध्ये ती पुन्हा इटलीत. ५ तारखेला त्यांनी रात्रीत डोंगर चढून जर्मनांची फळी फोडली. ९ तारखेला पूर्वेला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली, मग ठाणी उडवली, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. दोन्ही बाजूंना अशी माणसं, ज्यांच्या घरच्यांना त्या स्वातंत्र्याचा वाटा मिळालेला नव्हता.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रान्समध्ये ४४२ व्या रेजिमेंटने टेक्सासच्या वेढलेल्या तुकडीतले २११ जण सोडवले. त्यासाठी स्वतःचे सुमारे आठशे मेले किंवा जखमी झाले. आम्ही पुतळ्याला दर वर्षी हार घालतो. मला वाटतं त्यातलं एक फूल त्या पोरांचंही.

जुनं_नाणं

माणगावकर, तुमचं वाचून माझ्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. मी नाशिकचा, देवळाली कॅम्पात लहानाचा मोठा झालो.

ऑक्टोबर १९४३ च्या शेवटच्या दिवशी मुंबई बंदरात अमेरिकन सैनिकांचं मोठं जहाज लागलं. सुमारे ३,००० जण, पुढे ब्रह्मदेशात 'मेरिल्स मरॉडर्स' म्हणून नाव झालं. मुंबईहून त्यांना आधी देवळालीला आणलं, मग मध्य भारतात देवगडला सरावाला. त्यांच्यात चौदा जपानी वंशाचे दुभाषे होते. त्यातला रॉय मात्सुमोतो आर्कान्साच्या जेरोम छावणीतून सैन्यात भरती झाला होता. एप्रिल १९४४ मध्ये न्हपुम गा या टेकडीवर तुकडी वेढली गेली. हा रात्री सरपटत जपानी चौक्यांच्या इतक्या जवळ गेला की त्यांचं बोलणं कानावर पडलं. पहाटे कुठून हल्ला होणार ते येऊन सांगितलं. लोकांनी खंदक रिकामे केले, सापळे लावले. हल्ला अडखळला तेव्हा हा उठून जपानीत ओरडला, 'तोत्सुगेकी!' म्हणजे चढाई करा. मागची तुकडी आपल्याच साहेबाचा हुकूम समजून धावत आली.

तुकडी वाचली. आणि ही माणसं आमच्या देवळालीच्या मैदानावर चालली होती. मी त्याच मैदानावर क्रिकेट खेळलोय.

चकली

डोळे भरून आले. कोरांटी, तुमच्या शेजारच्या आजींचं राहिलंच की.

कोरांटी

हो, त्यांना विचारलं. नाव न लिहिता लिहिलं तर चालेल म्हणाल्या.

१९४२ मध्ये त्या पाच वर्षांच्या होत्या. १९ फेब्रुवारीला रूझवेल्टने ९०६६ क्रमांकाच्या हुकमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० जणांना उचललं. दोनतृतीयांश इथेच जन्मलेले, नागरिक. आजीही त्यातल्याच. हातात मावेल तेवढंच न्यायचं. वडिलांचं धुलाईचं दुकान होतं, यंत्र मिळेल त्या किमतीला विकलं. टॅनफोरानला त्यांना तबेला मिळाला. भिंतींना घाईत चुना फासलेला, चुन्याखाली घोड्याचे केस आणि कोळिष्टकं तशीच अडकलेली. फळ्यांवरची लीद न खरवडताच वर लिनोलियम अंथरलेलं. उन्हं तापली की वास वर यायचा. त्यांची आई रोज जमीन पुसायची. सहा महिने रोज पुसली. मग उटाहला टोपाझ छावणीत, तिथे धूळ.

मी त्यांना विचारलं, सगळ्यात वाईट काय होतं? मला वाटलं तार किंवा पहारेकरी म्हणतील. म्हणाल्या, जेवण. भटारखान्यापुढे रांग, लांब बाकडी, थोरला भाऊ मित्रांबरोबर बसायला लागला, वडील बापयांत. 'आमचं जेवणाचं टेबल गेलं. आई स्वयंपाक करत नाही म्हणजे काय, ते मला कळत नव्हतं. मी तिला सारखी विचारायचे, तू रागावली आहेस का?'

१९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. त्यांचे आईवडील तोवर गेले होते.

घाटमाथा

कोरांटी, मी वर जे लिहिलं होतं त्यातला बंगालबद्दलचा शब्द मागे घेत नाही. पण 'हाल कसले' असं जे लिहिलं ते मागे घेतो. आजींना माझा नमस्कार.

जुनं_नाणं

कॉफीचं कोडं विसरूनच गेलो आपण! उत्तर माझ्या वहीत होतं, रात्री शोधून काढलं.

कॉफीचं रेशनिंग नोव्हेंबर १९४२ च्या शेवटी सुरू झालं, पाच आठवड्यांना एक पौंड. जहाजं कमी होती, ब्राझीलहून येणाऱ्या वाटेवर जर्मन पाणबुड्या. मग वाहतूक सुधारली आणि जुलै १९४३ मध्ये ते उठवलं. चौथं पुस्तक वाटलं गेलं त्या वर्षीच्या शरदात. छपाई आधीच ठरलेली असल्याने कॉफीची कुपनं त्यात आली, पण ती वापरायची वेळच आली नाही. प्रत्येकाच्याच पुस्तकात ती तशीच राहिली. साखरेचं रेशन मात्र जून १९४७ पर्यंत चाललं, म्हणून ती फाडलेली.

तुमचा सैनिकाचा अंदाज हुकला, वाईट वाटून घेऊ नका.

कोरांटी

वाईट नाही वाटलं. उलट बरं वाटलं, त्या बाईने कॉफी प्यायली म्हणून.

काल पुस्तक घेऊन आजींकडे गेले होते. त्यांनी असं पुस्तक लहानपणी कधी पाहिलंच नव्हतं. छावणीत सगळं भटारखान्यातून, घराघराला बाजार करायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी चश्मा लावला आणि एकेक पान उलटलं. मागच्या बाजूला छापलेलं मोठ्याने वाचलं, 'गरज नसेल तर विकत घेऊ नका.' मग 'कॉफी' लिहिलेल्या कुपनांच्या भोकांवरून नख फिरवलं. आईला कॉफी फार आवडायची म्हणाल्या.

उठून आत गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. त्यात पिवळी पडलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, वर भोक, भोकात दोऱ्याचा तुकडा अजून आहे. नेताना प्रत्येक कुटुंबाला नंबर दिला होता आणि कोटाच्या गुंडीला, सामानाला अशा चिठ्ठ्या बांधल्या होत्या. ही त्यांच्या कोटाची. टेबलावर रेशनच्या पुस्तकाशेजारी ठेवली. दोन्ही सरकारी छपाईची, दोन्ही जवळपास एकाच रंगाची झालीत आता.

फोटो काढू का विचारलं. पुस्तकाचा काढ म्हणाल्या, चिठ्ठीचा नको. जुनं_नाणं, कॉफीच्या पानाचा फोटो संध्याकाळी टाकते.